विषय: रविवारची शाळा आणि एपिपेन (तातडीचं)

प्रेषक: शाळा समिती

नमस्कार मंडळी,
संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी हे मार्गी लागलंच पाहिजे. तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाला तीळ आणि शेंगदाणे दोन्हींची ॲलर्जी आहे. गेल्या रविवारी मधल्या सुट्टीत त्याचं एपिपेन (तीव्र ॲलर्जी उसळली की लगेच द्यायचं एपिनेफ्रिन या औषधाचं तयार इंजेक्शन) दप्तरात, दप्तर वर्गात, वर्गाला कुलूप आणि पोरगं मैदानावर. काही झालं नाही, पण त्याच्या आईचा प्रश्न रास्त आहे: शाळेत एपिपेन ठेवायचा कायदा आहे ना? आहे, आणि पेनही आहे, नर्सच्या खोलीत. पण आपलं मंडळ ही सार्वजनिक शाळा फक्त रविवारी भाड्याने घेतं; ती खोली रविवारी बंद, आणि आपल्या भाडेकरारात नाही. काय करायचं ते शनिवारपर्यंत कळवा.

प्रेषक: खजिनदार

किल्ल्यांचा विषय माझ्याकडे आहे, तेव्हा डिस्ट्रिक्टला (ही शाळा चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाला) परस्पर ईमेल पाठवू नका. गणपतीच्या वेळी काय गोंधळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाने स्वतःचं औषध ठेवायचं म्हणाल, तर इंजेक्शन दिल्यावर काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? शिवाय दोन पेनांच्या जोडीला शेकड्यांनी डॉलर पडतात आणि वर्ष-दीड वर्षात मुदत संपते. विमावाल्यांना विचारल्याशिवाय मी चेक लिहिणार नाही.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

विम्याचं जरूर विचारा, पण इथे दोन कायद्यांची सरमिसळ होते आहे. एसबी १२६६ हा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला. त्याने राज्यातल्या सार्वजनिक शाळांना एपिनेफ्रिन ठेवणं बंधनकारक केलं. ॲलर्जीची आधी कुणालाच कल्पना नव्हती अशा मुलालाही ते देता येतं. तो डिस्ट्रिक्टसाठी आहे. आपण तिथे रविवारचे भाडेकरू.

आपल्या कामाचा कायदा आहे २०१६ सालचा एबी १३८६. त्यात ना-नफा संस्थाही येतात. प्रशिक्षण घेतलेला एक जरी स्वयंसेवक असला, तरी डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर संस्थेच्या नावाने पेन घेता येतं. पेन कुठे ठेवायचं, मुदत कोण बघणार, वापरल्यावर कुणाला कळवायचं, हे लिहून ठेवावं लागतं. आणि प्रशिक्षित माणसाने मोबदला न घेता, सद्भावनेने पेन दिलं तर त्याला दिवाणी दाव्यापासून संरक्षण आहे. घोर हयगय केली असेल तर अर्थातच नाही.

प्रेषक: नाना

मला इतकंच म्हणायचं आहे की पेनापर्यंत वेळ येऊच का द्यायची? तिळगूळ वाटणं एक वर्ष थांबवू. ॲलर्जीच्या गोळ्या, बेनाड्रिल वगैरे तर प्रत्येकाच्या पर्समध्ये असतंच.

प्रेषक: भोजन समिती

नाना, काय वाटायचं ते भोजन समिती ठरवते आणि मेनू दिवाळीनंतरच ठरला आहे. गुळाच्या पोळ्यांची ऑर्डर गेली. तिळगूळ बंद केला की झालं असंही नाही. बोरन्हाणाचं काय? हलवा, चुरमुरे, बोरं लहानग्यांच्या डोक्यावरून ओततो आणि सगळी पोरं जमिनीवरून वेचून थेट तोंडात टाकतात. हलवा कधी तिळावर केलेला असतो, कधी खसखशीवर, कधी साबुदाण्यावर. नुसतं बघून ओळखता येत नाही. २०२३ पासून पाकिटावर तीळ छापावाच लागतो, पण घरी केलेल्या हलव्याला कुठलं आलंय लेबल? साबुदाण्याचा हलवा ज्यांना जमतो त्यांनी मला वेगळा ईमेल करा.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

नाना, बेनाड्रिलच्या भरवशावर कृपया कुणी राहू नका. त्याने खाज आणि पित्त उठणं कमी होतं. घसा आवळत असेल, रक्तदाब कोसळत असेल तर ते काहीही करू शकत नाही. जुलै २०१३ मध्ये कॅम्प सॅक्रामेंटोला १३ वर्षांच्या नताली जॉर्जीने शेंगदाणा असलेल्या खाऊचा एक घास घेतला आणि लगेच थुंकला. बेनाड्रिल दिलं, ती बरी दिसत होती. थोड्या वेळाने एकाएकी श्वास अडला. वडील स्वतः डॉक्टर, त्यांनी एकामागून एक एपिनेफ्रिनची तीन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. शाळांचा कायदा मंजूर झाला तो पुढच्याच वर्षी. म्हणून सांगते, वाट बघत बसू नका: श्वासाला त्रास किंवा अंगावर गांधी आणि उलटी एकदम, असं दिसलं की पेन आधी, ९११ ला (तातडीच्या मदतीला) फोन लगेच, बाकी सगळं नंतर.

प्रेषक: तिसरीतल्या मुलाची आई

मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण सुईची भीती खूप जणांना असते. निळी टोपी ओढून काढायची, केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, खटका ऐकू आला की तीन सेकंद धरायचं. पँटवरूनही चालतं. मूल उठून उभं राहायला लागलं तर राहू देऊ नका, आडवंच ठेवा. पाच-दहा मिनिटांत आराम नाही पडला तर दुसरं पेन, म्हणून जोडी लागते. पंधरा ते तीस किलोच्या मुलांना ०.१५ मिलिग्रॅम, त्यावर ०.३. माझ्याकडे बिनसुईचं सरावाचं पेन आहे, रविवारी घेऊन येते.

आणि पेन गाडीत ठेवू नका, उन्हाने औषध बिघडतं. कुलपातही नको. माझ्या मुलाचं पेन आता त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये असेल. कॅलिफोर्नियात डॉक्टरांचं आणि पालकांचं पत्र दिलं की रोजच्या शाळेतही मुलाला ते स्वतःजवळ ठेवता येतं. तिळगूळ बंद करा असं मी म्हटलेलं नाही.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, प्रिस्क्रिप्शन मंडळाच्या नावाने तुम्ही लिहून देऊ शकाल का? तेवढं झालं तर पेन कुठल्या टेबलावर ठेवायचं ते मी ठरवतो, आणि विमावाल्यांना फोन सोमवारी करतो. स्वयंसेवक किती हवेत?

प्रेषक: डॉक्टर वहिनी

प्रिस्क्रिप्शन देते. निदान चार जण हवेत, दोन मैदानावर, दोन हॉलमध्ये. प्रशिक्षण ऑनलाइनही होतं. टेबल प्रवेशाजवळचं घ्या, चहाच्या शेजारी नको, तिथे गर्दी असते.

प्रेषक: भोजन समिती

चहाचं टेबल आमचं आहे, ते हलवायचं असेल तर आम्हाला आधी सांगा. मैदानावर माझं नाव लिहा.