प्रति: दम्यासाठी हायड्रॉक्सिलचं यंत्र घ्यावं का?

ताई, "निसर्गात हवा अशीच शुद्ध होते" हे विक्रेत्याचं म्हणणं तुम्ही दिलंय, ते खरं आहे. ऊन, ओझोन आणि बाष्प यांतून हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक अतिशय क्रियाशील कण, तयार होतो आणि हवेतला मिथेनही तोच संपवतो. पण तो सेकंदभरसुद्धा टिकत नाही, मग यंत्रातून निघून खोलीभर फिरणार कसा? शिवाय रंगाचा, फिनेलचा वास तो अर्धवट तोडतो आणि मध्येच फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू तयार होऊ शकतो. दम्याच्या माणसाला तो नकोच.

अशा यंत्रांत कधी अतिनील दिवाही असतो, त्याचं वेगळं. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा दिवा जंतू खरंच मारतो. फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वेल्स या अमेरिकन संशोधकांनी १९४१च्या साथीत वर्गात असे दिवे लावून गोवर बराच रोखला होता. मात्र १८५ नॅनोमीटरची किरणं बाहेर पडत असतील तर ओझोन होतो आणि तो दम्याला त्रास देतो.

माझ्या मावशीकडे असंच यंत्र होतं. लावलं की झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा उग्र वास यायचा आणि पहाटे तिचा खोकला वाढायचा. शेवटी ते काढून साधं हेपा फिल्टरचं, म्हणजे बारीक धूळ गाळणारं, यंत्र घेतलं. उदबत्ती आता गॅलरीत लावतो. तुमच्या यंत्राला तसा वास येतो का, ते आधी बघा.