मदत हवी आहे: वाळवंटातल्या शैलाश्रयातली पुसट रंगचित्रं पाणी न मारता कशी टिपावीत?

वालुकाश्माचा आश्रय आहे, तोंड पश्चिमेला. चित्रांची भिंत ६ मीटर लांब, २ मीटर उंच. बहुतेक आकृत्या गेरूच्या, थोडा पांढरा रंग, डावीकडे जवळजवळ नाहीशी झालेली गुरांची रांग. परवानगी फक्त नोंदणीची, हातात ३ दिवस. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स आणि ट्रायपॉड आहे.

१. प्लास्टिकचा कागद भिंतीला लावून चित्रं गिरवली तर चालेल का?
२. वाटाड्या म्हणतो पाणी शिंपडलं की रंग उठतात. एकदाच, अगदी थोडं?
३. फोटो किती आणि कसे काढावेत?
४. खालच्या खपल्या सुटत आहेत. रेझिनने चिकटवाव्यात का?

गेरूमाती:
१ आणि २ ला एकच उत्तर, नाही. पाण्याने दगडाची छिद्रं भरतात, उजेड कमी विखुरतो म्हणून रंग गडद भासतो. सुकताना तेच पाणी आतले क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं, आणि भिंतीवरची धूळ चिखल होऊन रंगावर चिकटते. "एकदाच" म्हणणारे तुम्ही पहिले नसता, हीच तर अडचण आहे. अल्जीरियातल्या तासिली नाज्जेरमध्ये फ्रेंच संशोधक आंरी लोत यांच्या १९५६-५७ च्या मोहिमेत नकला काढण्यासाठी चित्रं ओली केली गेली, आणि त्या नुकसानीची चर्चा आजही संपलेली नाही. गिरवताना पेनचा दाब सुट्या खपल्यांवर येतो. गिरवायचंच असेल तर फोटोवर, संगणकावर गिरवा.

भिंतीवर कुंभारमाशीची घरटी असतील तर "साफसफाई" म्हणून खरवडू नका. ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्लीत कांगारूच्या एका चित्राखालच्या आणि वरच्या घरट्यांचं कार्बन-१४ वय काढूनच ते चित्र १७,५०० ते १७,१०० वर्षांपूर्वीचं ठरलं (२०२१).

तिपाई:
तिसऱ्याचं गणित मांडतो. एकमेकांवर चढणारे फोटो संगणकावर जोडून भिंतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं, असं धरून. १ मीटरवरून एका फोटोत साधारण ७२ × ४८ सेंमी भिंत येते, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.१२ मिमी. आडवं ८० टक्के आणि उभं ६० टक्के आच्छादन धरलं तर कॅमेरा दर वेळी १४ सेंमी सरकवायचा, ओळ बदलताना १९ सेंमी. कडेची जादा जागा धरून ४०० च्या आसपास फोटो होतात. रॉ फॉरमॅटमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) १० ते १२ जीबी. त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढा.

आयएसओ १००, एफ/८, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधलेले, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. फोकस १ मीटरला लावून ऑटोफोकस बंद करा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. एवढ्यात फोकसमध्ये स्पष्ट राहणारी खोली ढोबळ २० सेंमी मिळते. भिंतीचं पोट त्याहून जास्त असेल तिथे एफ/११. सगळे फोटो समोरूनच घेतले तर मॉडेल घुमटासारखं फुगतं. म्हणून कोपऱ्यांतून १० ते १५ अंश तिरके २०-३० फोटो जादा घ्या. मोजपट्ट्या किमान ४, भिंतीला न चिकटवता स्टँडवर. रंगपट्टी (ठरावीक रंगांचे चौकोन असलेलं कार्ड) फोटोत ठेवा, दर वेळी उजेड बदलला की पुन्हा.

ट्रायपॉडचे पाय वाळूत खचतात, म्हणून खाली फळ्या. जमिनीच्या थरातही अवशेष असू शकतात, शिवाय पायांनी उडालेली धूळ अखेर चित्रांवरच बसते. लेन्स तिथे बदलू नका.

धागाकर्ता:
धन्यवाद! दुपारी अर्ध्या भिंतीवर ऊन येतं, बाहेरची वाळूही चमकते. आणि पुसट गुरांचं काय?

तिपाई:
पश्चिमेचं तोंड म्हणजे काम सकाळी, सगळी भिंत सावलीत असताना. वाळूवरून परतणारा पिवळसर उजेड रंगपट्टीने सुधारता येतो, पण भिंतीवरची उन्हाची कड कशानेच नाही. पुसट रंगासाठी इमेजजे या फोटो-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधलं डीस्ट्रेच (जॉन हार्मन, २००५), ते रंगांतला फरक ताणून पुसट चित्र उठवतं. गेरूला त्यातली एलआरई किंवा वायआरई ही लाल रंग उठवणारी सेटिंग लावून पाहा. फाइल रॉवरून काढलेली टिफ असू द्या. जेपीजीमध्ये फाइल दाबताना पडणारे चौकोनही रंगासारखे वर येतात आणि त्यात लोकांना भलभलती जनावरं दिसू लागतात. पांढऱ्याला डीस्ट्रेच फारसं कामाला येत नाही. पिवळसर दगडावर निळी चॅनेल वेगळी काढून कॉन्ट्रास्ट वाढवला की तो बरा दिसतो. प्रक्रिया केलेल्या फोटोचे रंग खोटे असतात, तेव्हा सेटिंग फाइलच्या नावातच लिहा आणि शेजारी मूळ फोटो ठेवा.

गेरूमाती:
खपल्यांना हात लावू नका. दगडातून येणारा ओलावा पृष्ठभागाशी सुकतो, क्षारांचे स्फटिक खपलीमागे वाढतात आणि तिला बाहेर ढकलतात. वर रेझिन फासलं तर छिद्रं बुजतात, क्षार त्या पापुद्र्याच्या मागे साठतात आणि पुढे रंगासकट अख्खा थर सुटतो. शिवाय परवानगी नोंदणीची आहे, डागडुजीची नाही. प्रत्येक सुट्या खपलीचा मोजपट्टीसह जवळून फोटो घ्या, नकाशावर क्रमांक द्या, पडलेला तुकडा जिथे आहे तिथेच नोंदवा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून फोटो घेतला की झीज कळेल. मग पाणी कुठून येतंय ते शोधणं हे संवर्धकाचं काम.

आणि फोटो इथे टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती पुसा, म्हणजे नासधूस करणाऱ्यांना जागा कळणार नाही. लिबियातल्या अकाकुस डोंगरांत २००९ साली चित्रांवर स्प्रे-पेंट मारला गेला. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश पुरातत्त्व खात्याच्या नोंदीत असले की पुरे.