प्रतिसाद: नुसतं शटर पाडून भागत नाही

युद्धकाळात दारू आणि करमणुकीवर बंधनं कशी घालावीत, या चर्चेत एकांनी विचारलंय, की युद्धात सरळ दारूबंदी का करत नाहीत. रशियानं 1914 मध्ये केली. पण वोडका सरकारी मक्तेदारीची, त्यामुळे तिजोरीचा मोठा हिस्सा बुडाला आणि हातभट्ट्या वाढल्या.

ब्रिटननं 1915 पासून दारू विकायच्या वेळा कापल्या, तेही कारखाने आणि बंदरांच्या भागांत आधी. दुपारी 12 ते 2.30, संध्याकाळी 6.30 ते 9. मधली सुट्टी मुद्दाम, म्हणजे कामगार दिवसभर बसून राहत नाही. दुसऱ्याला दारू पाजणंही गुन्हा. जेवणासोबत यजमानानं पैसे दिले तर चालायचं. मला यातलं सगळ्यात नेमकं कलम वाटतं ते पार्सलचं: घरी न्यायची कडक दारू फक्त सोमवार ते शुक्रवार, तीही दुपारीच. साताऱ्यात मतदान संपण्याआधीच्या 48 तासांच्या ड्राय डेला हीच फट उरते. आदल्या दिवशी दुकानांपुढे रांग, खोकीच्या खोकी घरी, मग शटर पाडून काय उपयोग?

करमणुकीचं गणित वेगळं. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटननं सगळी थिएटरं बंद केली, कारण बॉम्ब पडला तर गर्दी एका छताखाली सापडेल. काही आठवड्यांतच बहुतेक उघडली. जत्रेतला तमाशा उघड्यावर असतो, तिथं गर्दीआधी दिव्यांचा प्रश्न येईल, कारण रात्रीचा उजेड विमानांना दिसतो.