तिसऱ्या क्रमांकावरचा संघ विजेता कसा ठरला? विनिपेग ब्लू बॉम्बर्सचा २०१९ चा हंगाम

नवविनिपेगकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कामानिमित्त नाशिकहून विनिपेगला येऊन मला वर्ष होत आले आहे. येथील सहकाऱ्यांमध्ये कॅनेडियन फुटबॉलचा विषय निघाला, की बोलणे हमखास २०१९ च्या हंगामावर येते, कारण १९९० नंतर थेट त्या वर्षी ब्लू बॉम्बर्सनी ग्रे कप (कॅनेडियन फुटबॉल लीगच्या विजेत्याचा करंडक) जिंकला आणि दरम्यान पाच वेळा अंतिम सामन्यात त्यांच्या पदरी हारच आली होती.

त्या वर्षीचा गुणतक्ता पाहिल्यावर मात्र मी गोंधळलो. विनिपेगने १८ पैकी ११ सामने जिंकले आणि ७ गमावले. पश्चिम विभागात सस्कॅचवान (१३-५) आणि कॅलगरी (१२-६) हे दोघेही त्यांच्या पुढे होते, तर पूर्वेकडे हॅमिल्टनने १५ सामने जिंकून केवळ ३ गमावले होते. शिवाय ऑगस्टमध्येच विनिपेगचा पहिला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) मॅट निकोल्स जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला. अशा संघाने करंडक जिंकावा, हे बाद फेरीच्या रचनेमुळे शक्य झाले की संघातच काही वेगळे होते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रेअरीतला मराठी

रचनेपासून सुरुवात करतो. लीगमध्ये नऊ संघ आहेत, पाच पश्चिमेचे व चार पूर्वेचे, आणि एरवी प्रत्येक विभागातील पहिले तीन बाद फेरीत जातात. एका विभागातील चौथ्या संघाचे गुण दुसऱ्या विभागातील तिसऱ्यापेक्षा अधिक असतील, तर तो तिकडे जाऊन खेळतो. २०१९ मध्ये एडमंटन याच मार्गाने पूर्वेकडून खेळले. आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना हरल्यानंतर आणखी एक संधी मिळते, तशी सोय येथे नाही. अव्वल संघाला मिळते ती एका आठवड्याची विश्रांती आणि घरचे मैदान. त्यानंतर जो हरला तो घरी गेला. म्हणजे विनिपेगला ओळीने तीन सामने जिंकणे भाग होते आणि तिन्ही परगावी.

तरीही मी याला रचनेची कृपा म्हणणार नाही. निकोल्सच्या काळात संघाने नऊपैकी सात सामने जिंकले होते. पुढच्या आठ सामन्यांत ख्रिस स्ट्रेव्हलर क्वार्टरबॅक होता. तो धिप्पाड, धाडसी आणि स्वतःच चेंडू घेऊन धावणारा खेळाडू होता. परंतु लांबच्या फेकीत त्याला सातत्य राखता आले नाही आणि त्या आठांपैकी तीनच सामने हाती लागले. मॉन्ट्रियलमध्ये भली मोठी आघाडी गमावून ३८-३७ असा पत्करलेला पराभव येथील लोकांच्या अजून जिव्हारी लागलेला आहे.

मग खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपता संपता, ऑक्टोबरमध्ये, व्यवस्थापक काइल वॉल्टर्स यांनी टोरांटोकडून झॅक कोलारोसला आणले, आणि माझ्या मते हंगाम तेथे फिरला. कोलारोस त्या वर्षी सस्कॅचवानकडून पहिल्याच सामन्यात डोक्याला मार बसून बाहेर गेला होता. नंतर टोरांटोने त्याला घेतले खरे, पण त्यांच्यासाठी तो एकही सामना खेळला नाही. एका हंगामातला हा त्याचा तिसरा संघ. साखळीतील शेवटच्या सामन्यात तो प्रथमच सुरुवातीपासून उतरला आणि कॅलगरीवर २९-२८ असा विजय मिळाला. बाद फेरीत त्याने आधी सस्कॅचवानला आणि मग हॅमिल्टनला, म्हणजे आपल्या दोन जुन्या संघांना हरवले (हॅमिल्टनकडून तो पूर्वी खेळला होता). प्रशिक्षक माइक ओशे यांनी स्ट्रेव्हलरलाही बाजूला ठेवले नाही. पायाला दुखापत असतानाही तो मोक्याच्या चालींसाठी मैदानात येत राहिला.

तिसरा डाऊन

वरील उत्तरातील तपशील बरोबर आहे, मात्र निष्कर्षाशी मी सहमत नाही. कोलारोसने संघाला स्थैर्य दिले हे मान्य केले, तरी बाद फेरीचे आकडे वेगळेच सांगतात. कॅलगरीवर ३५-१४, सस्कॅचवानवर २०-१३ आणि अंतिम सामन्यात हॅमिल्टनवर ३३-१२. तीन सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना फक्त ३९ गुण मिळाले, आणि साखळीत दोन्ही वेळा विनिपेगला हरवणाऱ्या हॅमिल्टनला त्यांपैकी सर्वांत कमी. हे श्रेय बचावाचे प्रशिक्षक रिची हॉल यांच्या बचावफळीचे आहे. त्या वर्षीचा लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या विली जेफरसनने अंतिम सामन्यात क्वार्टरबॅकला तीन वेळा चेंडूसकट खाली पाडले, तर विन्स्टन रोझने हंगामात नऊ फेकी मध्येच झेलून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता.

दुसरे नाव अँड्र्यू हॅरिसचे, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. कॅनेडियन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जाण्यासाठी अमेरिकेप्रमाणे चार नव्हे, तीनच प्रयत्न मिळतात. पहिली फेक वाया गेली, की दुसऱ्याच प्रयत्नात मोठी मजल मारावी लागते, अन्यथा तिसऱ्या वेळी बहुधा चेंडू लाथेने दूर धाडून तो प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करावा लागतो. म्हणून पहिल्याच प्रयत्नात धावून पाच-सहा यार्ड मिळवून देणारा खेळाडू येथे सोन्यासारखा असतो, त्यातही नोव्हेंबरच्या गारठ्यात, जेव्हा बोटे बधिर होतात आणि चेंडू दगडासारखा लागतो. हॅरिसने त्या हंगामात १,३८० यार्ड धावून लीगमध्ये अग्रस्थान मिळवले. तो विनिपेगमध्येच जन्मलेला आणि वाढलेला आहे. सुरुवातीच्या खेळाडूंत किमान सात कॅनेडियन असावेत असा तेव्हा नियम होता, आणि एरवी बहुतेक संघ जी जागा अमेरिकी खेळाडूला देतात तीच जागा हा घरचा खेळाडू सांभाळत असल्यामुळे प्रशिक्षकांना इतरत्र निवडीची मोकळीक मिळत असे.

त्याच ऑगस्टमध्ये उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी आढळल्याने त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली होती, हेही सांगितले पाहिजे. दूषित पूरक आहारामुळे तसे घडले, असे त्याचे म्हणणे होते. अंतिम सामन्यात त्याने १८ वेळा चेंडू घेऊन १३४ यार्ड मिळवले, एक टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे) धावून आणि एक झेल घेऊन केला, आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू व सर्वोत्तम कॅनेडियन असे दोन्ही पुरस्कार त्यालाच मिळाले. क्वार्टरबॅक बदलला म्हणून हंगाम फिरला असे म्हणताना हा माणूस नजरेआड होता कामा नये.

प्रेअरीतला मराठी

हॅरिसबद्दलचे आपले म्हणणे मला पटते. एक पुस्ती जोडतो. हॅमिल्टनचा पहिला क्वार्टरबॅक जेरेमाया मासोली हाही जुलैमध्ये, विनिपेगविरुद्धच्याच सामन्यात, गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला होता आणि त्यांनी उरलेला हंगाम डेन इव्हान्सच्या बळावर काढला. त्यामुळे हंगाम सुरू होताना जे क्वार्टरबॅक होते, त्यांपैकी कोणीही अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना नव्हता.

नवविनिपेगकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सस्कॅचवानविरुद्धच्या रेजायनातील सामन्याचा विषय निघाला की सहकारी एका खांबाबद्दल बोलतात. तो प्रकार काय आहे?

तिसरा डाऊन

कॅनेडियन मैदानात गोलचे खांब टोकाच्या सीमेवर नसून गोलरेषेवर, म्हणजे ऐन खेळाच्या जागेत असतात. पश्चिम विभागाच्या त्या अंतिम सामन्यात विनिपेग सात गुणांनी पुढे असताना सस्कॅचवानचा संघ अगदी गोलरेषेजवळ येऊन ठेपला होता. घड्याळ संपत असताना कोडी फहार्डोने शेवटची फेक केली आणि चेंडू थेट गोलखांबाच्या आडव्या दांडीवर आदळून खाली पडला. सामन्याचे चित्रीकरण मिळाले तर शेवटची तीन मिनिटे सलग पाहा, आणि त्या फेकीआधी विनिपेगच्या बचावफळीने किती वेळा त्यांना रोखून धरले होते, तेही मोजा.