डुग्गाची पाटी लंडनमध्ये कशाला?

रानवाटा:
गेल्या एप्रिलात ट्युनिशियातलं डुग्गा पाहून आलो. ट्यूनिस शहरापासून नैर्ऋत्येला साधारण ११० किमी. डोंगरउतारावर अख्खं रोमन गाव. वर इ.स. १६६-६७ मधलं ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हाचं देऊळ, जवळच साडेतीन हजार माणसं बसतील असं नाट्यगृह, खाली नजर पोचेल तिथवर गहू आणि जैतुणाची झाडं.

पण माझा पाय अडकला तो तळाशी, २१ मीटर उंच दगडी समाधीपाशी. ही रोमन नव्हे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, नुमिदियन लोकांची, म्हणजे रोमनांआधी इथे राज्य करणाऱ्या उत्तर आफ्रिकी लोकांची. तिच्यावर प्युनिक (कार्थेजची भाषा) आणि लिबिक (तिथल्या मूळ लोकांची भाषा) अशा दोन भाषांत, दोन लिप्यांत लेख होता. समाधी ज्याच्या नावाने ओळखतात त्या अतेबानचं नाव त्यातलंच. १८४२ मध्ये ट्यूनिसमधला ब्रिटिश कॉन्सुल थॉमस रीड याने तो लेख काढण्यासाठी समाधीची पार मोडतोड केली. लेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये. समाधी मात्र लुई प्वँसो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९०८ ते १९१० या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभी केली. म्हणजे घर जागेवर आणि दारावरची पाटी परदेशात. परत द्या की!

दगडफूल:
असहमत. त्या लेखामुळे लिबिक अक्षरांचे उच्चार लागले. सहारातले तुआरेग लोक वापरतात त्या तिफिनाघ लिपीचं मूळ याच घराण्यातलं. लंडनला दगड सुरक्षित राहिला, अभ्यासकांना हाताशी राहिला, आणि कोणीही फुकट जाऊन पाहू शकतो. डुग्गात ऊनपाऊस खात राहिला असता तर आज काय उरलं असतं?

रानवाटा:
दोन हजार वर्षं ऊनपाऊस खाऊनही वाचता येत होताच की. तोमा दार्को नावाच्या फ्रेंच माणसाने १६३१ मध्येच त्याची नक्कल करून ठेवली होती. वाचायला नक्कल पुरते, इमारत पाडावी लागत नाही. आणि 'फुकट'चं म्हणाल तर ट्युनिशियातल्या पोराला ब्रिटनच्या व्हिसाचे पैसे कोण देणार?

कोपऱ्यातला:
व्हिसावर +१. मी तीनदा फॉर्म भरलाय.

मधली सुट्टी:
मी दोघांच्याही विरुद्ध. डुग्गातलं युलिसिसचं प्रसिद्ध मोझेक (रंगीत दगडी तुकडे जुळवून केलेलं चित्र) कुठे आहे? ट्यूनिसच्या बार्दो संग्रहालयात. समाधीवरचा नव्हे, पण डुग्गातच १९०४ मध्ये दुसरा द्विभाषिक लेख सापडला, मासिनिस्सा या नुमिदियन राजाच्या मंदिराचा. तोही बार्दोतच. गावातली माणसं भग्नावशेषांतच घरं करून राहत होती, त्यांनाही हलवून खाली नवं डुग्गा वसवलं. वस्तू गेल्या राजधानीत, माणसं गेली खालच्या वस्तीत, आणि आपण भांडतोय लंडनशी! परत द्यायचं तर नेमकं कोणाला, हे आधी ठरवा.

दगडफूल:
हेच म्हणतोय. शिवाय बार्दोवर मार्च २०१५ मध्ये अतिरेकी हल्ला झाला, आणि जुलै २०२१ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ते बंदच होतं.

रानवाटा:
हल्ला झाला म्हणून वारसा गमवायचा? मग मुंबईतलं काय काय बाहेर पाठवायचं, तेही सांगा. मधली सुट्टी यांचा मुद्दा मात्र मला टोचला. मी स्वतः ते मोझेक बार्दोत पाहिलं, 'वा!' म्हटलं, आणि ते डुग्गाचं हे तिथली पाटी वाचेपर्यंत डोक्यातही नव्हतं. तरी फरक आहे. मोझेक काढताना कोणी शेजारची इमारत पाडली नव्हती.

सातारी कंदी:
आपल्याकडे वाघनखं आली ना जुलै २०२४ मध्ये? तीन वर्षांच्या बोलीवर, तीही उसनी. ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्तही १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतात आणि वस्तू देऊन टाकता येत नाही म्हणतात. उसना दगड डुग्गात ठेवून मग परत पाठवायचा, हा सोहळा तुम्हाला चालेल?

रानवाटा:
नाही चालणार. पण वाघनखांची तुलना पुरती जुळत नाही. तीच नखं महाराजांनी वापरली का, याची खात्री ती उसनी देणारं लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयही देत नाही. डुग्गात शंकेला जागाच नाही, दगड कुठला ते सगळ्यांना मान्य आहे.

जुनी वही:
रीडला नुसता चोर म्हणून मोकळे होऊ नका. तिथला राज्यकर्ता अहमद बे याने १८४६ मध्ये ट्युनिशियात गुलामगिरी बंद केली, त्यामागे याच रीडचा रेटा होता. त्याआधी तो सेंट हेलेनावर कैदेतल्या नेपोलियनवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांत होता. माणूस गुंतागुंतीचा होता.

रानवाटा:
असेल. समाधी मोडली ती मोडलीच.

पहिलटकर:
अवांतर: जायचं कसं? टूरवाले अव्वाच्या सव्वा सांगताहेत.

रानवाटा:
ट्यूनिसहून डुग्गाजवळच्या तेबुर्सूक गावापर्यंत लुआज, म्हणजे वडापसारखी गाडी. भरली की सुटते. पुढे टॅक्सी, परतीचं आधीच बोलून ठेवा. सकाळी लवकर पोचा, सावली फक्त जैतुणाखाली मिळते. आणि समाधी अगदी खाली आहे, वरूनच फोटो काढून परत फिरू नका.