चिनी शिक्षांची जुनी चित्रं पुरावा म्हणून चालतील का?

उनाड_वाचक: ती चित्रं परत फिरायला लागलीत. गळ्यात भलामोठा लाकडी खोडा अडकवलेला माणूस, पालथं पाडून बांबूचे फटके, आणि वर "बघा चिनी किती क्रूर". यातली काही मेजर जॉर्ज हेन्री मेसन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या १८०१ च्या पुस्तकातली आहेत, लंडनला छापलेलं, २२ रंगीत प्लेट्स, मजकूर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, म्हणजे गिऱ्हाईक कोण ते कळलंच. कँटनमध्ये, म्हणजे दक्षिण चीनच्या बंदरात, परदेशी व्यापाऱ्यांना अशी चित्रं सेटमध्ये विकायचे, चहा कसा बनतो त्याच्या चित्रांचा सेट, रेशमाच्या चित्रांचा, तसाच शिक्षांचा. हा दुकानातला माल आहे, कोर्टाचं रेकॉर्ड नाही.

रिकामटेकडा: विकायला काढलं म्हणून खोटं ठरतं होय? बांबूचे फटके, हद्दपारी, गळा आवळून किंवा शिरच्छेद करून मृत्युदंड, हे सगळं छिंग राजवटीच्या (१६४४-१९१२, चीनचं शेवटचं राजघराणं) कायद्यात होतं, आणि जिवंत माणसाचे तुकडे करत मारायची लिंगची तर १९०५ पर्यंत होती. उलट मेसननेच सगळ्यात भयंकर शिक्षा मुद्दाम गाळल्या. म्हणजे चित्रं तिखट नाहीत, अळणीच आहेत.

उनाड_वाचक: गाळल्या हे खरंय. पण कोऱ्या कागदावर नुसता मारणारा आणि मार खाणारा, गुन्हा काय, सुनावणी झाली का, काहीच नाही. छिंग काळात कायद्यात १०० फटके लिहिले तरी प्रत्यक्षात ४० च्या आसपास मारायचे, ते चित्रात कुठे दिसणार? आणि पुस्तक विकत घेणाऱ्यांच्या इंग्लंडात त्याच वेळी २०० च्या वर गुन्ह्यांना फाशी होती!

तिरकस_काकू: "त्यांच्याकडे पण होतं" हे काय उत्तर झालं? आणि चिनी लोक स्वतःसाठी पण हेच काढत होते की. नैऋत्य चीनमधल्या दाझूला बाओदिंगशान डोंगराच्या कड्यात १२-१३ व्या शतकात नरक कोरलाय, सुऱ्यांचा डोंगर, उकळती कढई, करवत, आणि तिथेच एक बाई शांतपणे कोंबड्यांचं खुराडं उघडतेय (मला तीच सगळ्यात जास्त आवडते). निंगबो या चिनी बंदरातल्या जिन छुशी या चित्रकाराने त्याच सुमारास काढलेले नरकाचे दहा राजे बघा, टेबलामागे न्यायाधीश, बाजूला कारकून, अगदी सरकारी कचेरी. तिथे कुठला गोरा गिऱ्हाईक होता?

पेठेतला_एक: काकू, ते भाविकांना घाबरवायला होतं. करवतीने उभं कापणं छिंगच काय, त्याआधीच्या सोंग राजघराण्याच्या (९६०-१२७९) कायद्यात तरी होतं का? आपल्याकडे कुंभीपाकाची चित्रं आहेत म्हणून पेशवाईत माणसं तेलात तळायचे असं कोणी म्हणेल का?

तिरकस_काकू: शिक्षा खोट्या असतील, कचेरीची भीती खरी होती. लोकांनी नरक तसाच का रंगवला मग? कचेरीतल्या चिनी अधिकाऱ्यासमोर गुडघे टेकलेला माणूस त्यांनी रोज बघितला असणार ना.

उनाड_वाचक: हे पटतंय, पण मग पुरावा नरकाच्या चित्रांचा घ्या, कँटनच्या सेटचा नको. याच "रानटी कायदा" प्रतिमेच्या जोरावर चीनबरोबरच्या १८४३ च्या तहात इंग्रजांनी चीनमधल्या आपल्या गुन्हेगारांवर आपणच खटले चालवायचा हक्क घेतला.

रिकामटेकडा: तो हक्क अफूच्या युद्धात (१८३९-४२, इंग्लंड विरुद्ध चीन) तोफांच्या जोरावर घेतला हो. आणि इंग्रजांचा राग जुना होता, १७८४ मध्ये लेडी ह्यूज या इंग्रज व्यापारी जहाजाच्या सलामीच्या तोफेने दोन चिनी मेले आणि तोफची चिन्यांच्या हवाली करावा लागला, त्यांनी त्याला गळा आवळून मारलं, तेव्हापासूनचा. मेसनचं पुस्तक त्यानंतर १७ वर्षांनी आलं.