बास्केटबॉल: ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत खेळणं) चालू असताना ५ सेकंदांची मोजणी?

कोर्टकडेला:
अमेरिकेतल्या हायस्कूल सामन्यात डिफेंडर समोर आला की रेफरी हात हलवून मोजायला लागतो. ड्रिबल सुरू झाला की हात बदलतो आणि पुन्हा एकपासून. आपल्याकडे ड्रिबलवर कोणी मोजत नाही. नेमका नियम काय? आणि डिफेंडर बदलला तर?

शिट्टी:
आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियम. त्यात चेंडू हातात धरलेला असेल आणि डिफेंडर १ मीटरच्या आत, योग्य पवित्र्यात सक्रिय असेल, तरच ५ सेकंद लागू. तेवढ्यात पास, शॉट किंवा ड्रिबल. ड्रिबल सुरू झाला की मोजणी संपली.

अमेरिकन हायस्कूलला अंतर ६ फूट, आणि हे फक्त फ्रंटकोर्टमध्ये, म्हणजे ज्या बास्केटवर हल्ला करायचा त्या अर्ध्यात. धरण्याची मोजणी वेगळी, ड्रिबलची वेगळी; हात बदलतो तो याचसाठी. ४ सेकंद धरला, ४ ड्रिबल केला, परत ४ धरला, तरी काही चूक नाही. कुठल्याही एका टप्प्यात ५ झाले की चेंडू समोरच्यांना, थ्रो-इन (रेषेबाहेरून आत टाकायला).

ड्रिबल करणाऱ्याचं डोकं आणि खांदे डिफेंडरच्या पुढे गेले, की मोजणी तिथेच थांबते. चेंडू हातून निसटून ड्रिबल तुटला तरीही नाही मोजायचं.

तिसरापंच:
डिफेंडर बदलल्याने मोजणी तुटत नाही, मध्ये खंड पडला नाही तर. दुसरा आधीच ६ फुटांत असेल तर आकडा पुढे चालू. दोघांच्या मध्ये खेळाडू मोकळा सुटला तर नव्याने.

अंतर पुढच्या पावलापासून पुढच्या पावलापर्यंत धरायचं. ६ फूट म्हणजे फ्री थ्रोच्या वर्तुळाची त्रिज्या, तेवढं डोळ्यात बसवा. बहुतेकांना ६ फूट फार जवळचे वाटतात, म्हणून मोजणी उशिरा सुरू होते. हात लांबवल्यावर लागेल इतकं जवळ असायला हवं, ही समजूतही चूक. सुरुवातीला दोन्ही पाय जमिनीवर आणि तोंड समोरच्याकडे, एवढं पुरे; हात वर असण्याची अट नाही.

कोर्टकडेला:
म्हणजे बॅककोर्टमध्ये (आपल्या बास्केटच्या अर्ध्यात) कितीही दाबलं तरी ही मोजणी नाही?

शिट्टी:
हायस्कूलला नाही, तिथे १० सेकंदांत अर्धरेषा ओलांडायची. फिबात ती मुदत ८ सेकंद, पण १ मीटरवाला नियम मात्र पूर्ण कोर्टवर.